पॅरॅगॉन

हर्षालीनं शब्द विचारला तेव्हा मी
विळीवर शेपू चिरत होते.
मान वर न करता म्हटलं, चप्पल.
निळ्या पट्ट्याची, चिखलापाण्यात घालायची.
ती हसली. आत्या, धड्यात आहे,
एका माणसाला म्हटलंय.

माणसाला म्हटलंय म्हणजे कोश काढणं आलं.
कोश माळ्यावर. चार शिंका, मग ते पान:
अजोड. ज्याला तोड नाही असा.
आणि खाली, मुंगीच्या अक्षरात, शब्दाचं माहेर.
इटलीतल्या सोनारांचा दगड, काळा,
सोनं घासून पाहण्याचा.

मी स्टुलावर उभीच राहिले.

तो दगड आमच्या घरात आहे.

सराफ बाजारात दादांची जागा होती,
एका माणसाची मांडी मावेल एवढी.
घडवलं त्यांनी काहीच नाही, विकलंही नाही.
लोक यायचे ते रेघ मारून घ्यायला.
एक रेघ गिऱ्हाइकाची,
शेजारी एक माहितीतल्या सोन्याची,
वर तेजाबाचा थेंब.
मग दादा श्वास धरून बघत.
खोटं असेल तेवढं उडून जाई.
बोटांची टोकं कायम पिवळी, जेवतानासुद्धा.
विसपुते हो म्हणाले की गल्ली हो म्हणायची.
नाही म्हणायचे तेव्हा
ते दगडाकडे बघून म्हणायचे.

एकदा ठकूबाई झारेकरीण आली,
बाजाराच्या गटारातला गाळ धुऊन, आटवून
जोंधळ्याएवढी गोळी घेऊन.
समोर एका शेठाणीची पाटली आधीच बसलेली.
दोन्ही रेघा शेजारी शेजारी पडल्या.
थेंब पडला.
पाटली निम्मी विरली.
दादा म्हणाले, बावनकशी.
ठकूबाईला ऐकू कमी यायचं,
म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं,
आणि शेठाणी पायऱ्या उतरून गेली.

नाशकात पूरही दगडावरच मोजतात.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की सराफ तिजोऱ्या उघडायचे,
छातीला लागलं की पळायचे.
दादा दगड खिशात टाकून चालू लागायचे.
भिजेल ना, मी म्हणायची.
नदीतलाच आहे तो, म्हणायचे.

पुढे मशीन आलं.
किरण टाकतं, आकडा छापून देतं.
दादांनी त्याला नावं ठेवली नाहीत,
फक्त एका संध्याकाळी दगड रुमालात बांधून
घरी आणला, आणि चहा मागितला.

आपल्याकडेही या दगडाला शब्द होता: निकष.
तो आता अर्जाच्या मागच्या पानावर राहतो
उत्पन्नाच्या दाखल्याशेजारी.
तिकडं दगडाचं नाव काढून सोन्याला दिलं.
दोन्हीकडं दगड तसाच राहिला, बिननावाचा.

हर्षालीला म्हटलं, लिही, बावनकशी.
बावन्न काय, आत्या?
कस.
कस म्हणजे?
थांब, म्हटलं, येते.

कोशात आणखी एक ओळ होती,
ती मी तिला वाचून दाखवली नव्हती:
त्याही आधी, ग्रीकांकडे,
हत्याराला धार लावायचा दगड.

दादा गेल्याला सहा वर्षं झाली.
सहा वर्षं मी त्याच दगडावर
विळीचं पातं घासते आहे,
कुणी घरात नसताना,
चोरी केल्यासारखं.
तो मात्र, बघा, मागं मागं चालत
आपल्या पहिल्या कामावर जाऊन बसला होता.

ओट्यावरून उचलला. मध्ये थोडा खोल गेलाय.
शेपूचं पाणी पदरानं पुसलं,
खिडकीच्या उन्हात तिरका धरला.
सगळीकडं लोखंडाचं राखाडी,
आणि अगदी कडेला, जिथं पातं पोचत नाही,
केसाएवढी एक पिवळी रेघ.

कुणाची, ते आता विचारायचं कुणाला.